एक लॅपटॉप, दोन दावी: ऑफिसच्या वाय-फायची गोष्ट

आजचा भाग सुरू करतो एका रिकाम्या यादीपासून.

२०२४ चा पावसाळा. शनिवार दुपार, कोथरूडमधला एक कॅफे. ऑफिसचं छोटंसं काम राहिलं होतं, म्हटलं इथेच बसून उरकून टाकू. लॅपटॉप उघडला, वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं आणि बघतो तर यादी रिकामी. फोनवर त्याच टेबलावरून डझनभर नेटवर्कं दिसत होती. कॅफेचं होतं, शेजारच्या दुकानाचं होतं, वरच्या मजल्यावरच्या कुणाचं तरी होतं. लॅपटॉपला मात्र सगळा परिसर ओसाड दिसत होता.

आयटी सपोर्टला फोन लावला. तो म्हणाला, "सर, लॅपटॉप ठणठणीत आहे. परवा मेल आला होता ना? आता फक्त ऑफिसचंच वाय-फाय चालणार. बाकीचं दिसणारसुद्धा नाही."

मेल मी वाचला नव्हता. कोण वाचतं?

मला राग आला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मला काय शाळेतल्या पोरासारखं बांधून ठेवताय? मग मी तेच केलं जे तुमच्यापैकी अर्ध्या जणांनी केलं असतं. फोनला यूएसबी केबल लावली, दुसरं टोक लॅपटॉपला, टेदरिंग चालू. लॅपटॉपला वाटलं ही तारेची जोडणी आहे, वाय-फायचा नियम तिला लागूच होत नाही. दोन मिनिटांत नेट सुरू! स्वतःवरच खूश झालो.

ती केबल पुढे काही महिने माझ्या बॅगेत राहिली. तिचं काय झालं ते शेवटी सांगतो. पण ती केबल का महत्त्वाची आहे हे कळायला आधी चाळीस वर्षं मागे जावं लागेल.

तार गेली, निवड आली

विचार करा, १९९० च्या दशकातलं ऑफिस. टेबलावर कॉम्प्युटर, मागून निघालेली निळी किंवा करडी तार, ती भिंतीतल्या खाचेत. हा कॉम्प्युटर कोणत्या नेटवर्कवर आहे? ज्या भिंतीत तार आहे त्या. प्रश्नच मिटला. "मंजूर नेटवर्क" वगैरे शब्दांची गरज नव्हती, कारण मंजुरी भिंतीनेच दिलेली होती.

ही भिंत पाडायची सुरुवात झाली मे १९८५ मध्ये. अमेरिकेतल्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, काही लहरींचे पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. आपले मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे तो गोंगाटाचा, कुणाला फारसा नको असलेला भाग होता. गावाबाहेरची पडीक जमीन म्हणा ना.

या पडीक जमिनीवर पीक घ्यायचं पहिल्यांदा ज्यांना सुचलं त्यांच्यात एनसीआर ही कंपनी होती. ती दुकानातली गल्ल्याची यंत्रं बनवायची. दुकानाची मांडणी बदलली की गल्ला हलवायचा आणि दरवेळी नव्याने तारा ओढायच्या, ही त्यांची डोकेदुखी. त्यांच्या नेदरलँड्समधल्या न्यूवेखाइन गावातल्या प्रयोगशाळेने बिनतारी जोडणीवर काम सुरू केलं. तिथलेच व्हिक हेझ १९९० पासून दहा वर्षं आयट्रिपलईच्या ८०२.११ या समितीचे अध्यक्ष राहिले. १९९७ मध्ये पहिलं मानक आलं, वेग सेकंदाला जास्तीत जास्त २ मेगाबिट. १९९९ मध्ये ते ११ मेगाबिटवर गेलं आणि त्याच वर्षी "वाय-फाय" हे नाव जन्माला आलं. त्या जुलैत स्टीव्ह जॉब्सने न्यूयॉर्कच्या मंचावर वेबपेज उघडलेला आयबुक लॅपटॉप हुला हूपच्या रिंगणातून आरपार नेऊन दाखवला. बघा, तार नाही! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

सगळे तार गेल्याच्या आनंदात होते. पण तारेबरोबर आणखी एक गोष्ट गेली होती. कॉम्प्युटर कुठल्या नेटवर्कवर जाईल हे आता भिंत ठरवत नव्हती. कॉम्प्युटर स्वतः ठरवत होता, किंवा त्यासमोर बसलेला माणूस. आजचा अख्खा भाग या एका बदलाबद्दल आहे.

कागदी कुलूप

बिनतारी म्हणजे हवेत बोलणं, आणि हवेतलं बोलणं कुणीही ऐकू शकतं. म्हणून पहिल्या मानकातच डब्ल्यूईपी नावाचं कुलूप दिलं होतं. नावाचा अर्थ काय, तर "तारेइतकीच गोपनीयता". नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

गोम कुठे होती ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक पाकिटाबरोबर २४ बिटांचा एक बदलता आकडा जायचा, म्हणजे दोन पाकिटं एकाच किल्लीने बंद होऊ नयेत. पण २४ बिटांत एकूण आकडे किती बसतात? १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. खूप वाटतात, पण गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांतच संपतात आणि मग तेच आकडे पुन्हा यायला लागतात. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवून दिलं की आतल्या आरसी४ पद्धतीचा वापरच असा केलाय की नुसतं ऐकत बसलं तरी मूळ किल्ली काढता येते. यातले शमीर म्हणजे "आरएसए" मधले "एस". त्याच ऑगस्टमध्ये हे काम करणारं एअरस्नॉर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअरही आलं. आता किल्ली काढायला गणित यायची गरज उरली नव्हती.

लोक गाडीत लॅपटॉप आणि अँटेना टाकून शहरभर फिरायला लागले, कुठे उघडं किंवा कच्च्या कुलपाचं वाय-फाय सापडतंय ते बघत. याला वॉरड्रायव्हिंग म्हणतात. सुरुवातीला तो बराचसा छंदच होता.

मायामीतली दुकानं

छंदाचा धंदा झाला जुलै २००५ मध्ये. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या आरोपपत्रानुसार मायामीतल्या मार्शल्स नावाच्या दोन दुकानांचं वाय-फाय एका टोळीने फोडलं. ही दुकानं टीजेएक्स या मोठ्या कंपनीची. दुकानाच्या वाय-फायमधून टोळी पोहोचली कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरपर्यंत आणि तिथून कार्डांचे नंबर उपसत राहिली. कंपनीला पत्ता लागला डिसेंबर २००६ मध्ये, जगाला कळलं जानेवारी २००७ मध्ये. कंपनीनेच दिलेला आकडा होता ४ कोटी ५७ लाख कार्डं.

टोळीचा म्होरक्या अल्बर्ट गोंझालेझ. हा गडी त्याच काळात अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा खबऱ्या म्हणूनही काम करत होता! २०१० मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

आता यातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. पक्कं कुलूप तेव्हा उपलब्ध होतं. डब्ल्यूपीए २००३ मध्येच आलं होतं, त्याहून मजबूत डब्ल्यूपीए२ चं मानक २००४ मध्ये. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांनी पुढे चौकशी करून म्हटलंच, की नव्या कुलपाकडे जायला कंपनीने फार वेळ लावला. आणि गल्ल्याची यंत्रं तारेतून सोडवायला जन्मलेल्या तंत्राने शेवटी गल्लाच उघडून दिला. कार्ड उद्योगाने यानंतर नियम कडक केले आणि ३० जून २०१० नंतर कार्डांच्या व्यवहारात डब्ल्यूईपी वापरायचं नाही असं ठरलं.

हाक मारणारा लॅपटॉप

इथपर्यंतची भीती एकाच प्रकारची होती. बाहेरचा चोर आपल्या नेटवर्कात शिरेल ही. पण २००४-०५ च्या सुमारास लक्षात आलं की दुसरीही एक बाजू आहे. आपलाच कॉम्प्युटर बाहेर जाऊन भलत्याच नेटवर्कला चिकटला तर?

विंडोज एक्सपी आठवतंय? हिरवी टेकडी, निळं आकाश. ते एक्सपी वापरणाऱ्याला त्रास नको म्हणून एकदा जोडलेली नेटवर्कं लक्षात ठेवायचं. पुढच्या वेळी लॅपटॉप उघडला की तो स्वतःच हवेत हाका मारायचा. "घरचं वाय-फाय, आहेस का? ऑफिसचं वाय-फाय, आहेस का? त्या विमानतळावरचं फुकटचं, आहेस का?"

आपल्याकडे कोकणात आणि घाटावरही जुनी माणसं सांगतात, रात्री कुणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नकोस. इथे उलटं होतं. हाक आपण मारायचो आणि भलताच कुणी ओ द्यायचा. डीनो डाय झोव्ही आणि शेन मॅकॉली या दोन संशोधकांनी कर्मा नावाचं साधन बनवून हेच दाखवलं. लॅपटॉप कुठलंही नाव पुकारो, कर्मा म्हणणार, "हो, मीच तो!" आणि लॅपटॉप विश्वास ठेवून जोडला जाणार. त्यानंतर त्याचं सगळं जाणं-येणं त्या तोतयाच्या हातून.

त्याच काळात विमानतळांवर "फ्री पब्लिक वाय-फाय" नावाचं एक भुताटकीचं नेटवर्क दिसायचं. त्यावर इंटरनेट नसायचंच. कुणीतरी फुकट म्हणून जोडायचं, काही चालायचं नाही, सोडून द्यायचं. पण एक्सपीच्या एका दोषामुळे नंतर त्याचा स्वतःचाच लॅपटॉप त्या नावाचं नेटवर्क हवेत सोडायला लागायचा. मग शेजारचा जोडायचा, मग त्याच्या शेजारचा. साथीच्या तापासारखं ते नाव एका विमानतळावरून दुसऱ्यावर फिरत राहिलं. २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने त्यावर औषध दिलं.

ऑफिसांच्या आयटीवाल्यांना इथे कळून चुकलं, की आत येणाऱ्याला वॉचमन हटकतो, रजिस्टरमध्ये सही घेतो, पण आपलाच माणूस बाहेर पडल्यावर कुणाच्या गाडीत बसतो हे कुणीच बघत नाही.

यादीचा जन्म

यावरचं उत्तर म्हणजे तीच ती यादी, जी मला कॅफेत रिकामी दिसली.

कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरवरून सगळ्या कॉम्प्युटरांना वाय-फायचे नियम पाठवायची सोय विंडोज सर्व्हर २००३ मध्ये आली होती. २००७ च्या व्हिस्टापासून परवानगीची आणि मनाईची यादीच करता यायला लागली. आयटीवाला दोन ओळी लिहितो. पहिली ओळ सांगते, या नावाच्या नेटवर्कला परवानगी. दुसरी सांगते, बाकी सगळ्यांना मनाई. दुसऱ्या ओळीमुळे बाकीची नेटवर्कं नुसती बंद होत नाहीत, दिसायचीही थांबतात. कोथरूडचा कॅफे ओसाड झाला तो या दुसऱ्या ओळीमुळे.

पण थांबा, हुशार श्रोत्यांना इथे शंका यायला हवी. यादीत आहे ते नेटवर्कचं नाव. नाव तर कुणीही लावू शकतो! ऑफिसच्या दारात उभं राहून मी माझ्या हॉटस्पॉटला ऑफिसच्या वाय-फायचंच नाव दिलं तर?

अगदी बरोबर. म्हणून नुसती यादी पुरत नाही. पासवर्ड सगळ्यांचा एकच असेल तर तो माहीत असलेला कुणीही तोतया नेटवर्क उभं करू शकतो. नीट बसवलेल्या ऑफिसात नेटवर्कलाही आपली ओळख पटवून द्यावी लागते. ८०२.१एक्स नावाची पद्धत असते, त्यात सर्व्हर आपलं डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, लॅपटॉप ते तपासतो आणि मगच आपली ओळख सांगतो. घरात शिरणाऱ्याला आपण ओळखपत्र विचारतो, तसंच ज्या घरात शिरायचं त्या घरालाही विचारायचं. अनेक ठिकाणी घाईत ही तपासणी बंद ठेवलेली असते किंवा "प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा का?" असं विचारल्यावर आपणच "हो" दाबतो. ते "हो" दाबताना एकदा थांबत जा.

नवी मुंबई, २००८

आपल्याकडे हा विषय घराघरात पोहोचला तो फार वाईट रीतीने.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. घरोघरी राउटर यायला लागले, बसवून देणारा माणूस पासवर्ड न लावताच निघून जायचा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा मेल आला होता. तपास पोहोचला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणारा एक परदेशी नागरिक. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणी ते वापरलं होतं. पुढचा मेल ऑगस्टमध्ये, माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून. त्यापुढचा १३ सप्टेंबरला, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून.

कल्पना करा, तुम्ही रविवारी सकाळी चहा घेताय आणि दारात एटीएस. तुमच्या पत्त्यावरून मेल गेलाय. तुम्ही काय सांगणार? "साहेब, पासवर्ड लावायचा राहिला"?

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की त्यांची पथकं फिरून उघडी वाय-फाय शोधतील. म्हणजे अमेरिकेत चोर जे करत होते ते इथे पोलीस करणार होते, लोकांना सावध करण्यासाठी. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

त्या धक्क्यातून आपण एक धडा पक्का शिकलो, की आपल्या राउटरला कुलूप लावा. दुसरा धडा, की आपला कॉम्प्युटर कुणाच्या राउटरला चिकटतोय तेही बघा, तो मात्र अर्धाच राहिला.

हवा कुणाची?

आता जरा माझ्या रागाची बाजू घेतो. मालकाने बांधून ठेवायचं म्हणजे कुठवर?

२०१३ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका अवाढव्य हॉटेलात हे टोकाला गेलं. गेलॉर्ड ओप्रिलँड, चालवणारी कंपनी मॅरिअट. तिथल्या परिषदांच्या सभागृहात कुणी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावला की तो तुटायचा. हॉटेलची यंत्रणा त्या हॉटस्पॉटच्या नावाने "जोडणी तोडा" असा खोटा संदेश हवेत सोडायची. आणि हॉटेलच्या स्वतःच्या वाय-फायचे दर? एका उपकरणाला २५० ते १,००० डॉलर! हॉटेलचं म्हणणं, आम्ही सुरक्षेसाठी करतोय. एफसीसीला ते पटलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये ६ लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं आणि जानेवारी २०१५ मध्ये एफसीसीने सगळ्यांनाच बजावलं, दुसऱ्याचं वाय-फाय पाडणं बेकायदा आहे.

मला ही गोष्ट फार उपयोगाची वाटते, कारण ती रेघ स्पष्ट आखते. हवा सामायिक आहे. ती कंपनीच्या बापाची नाही. ऑफिस माझ्या खिशातल्या फोनला हात लावू शकत नाही, माझा हॉटस्पॉट पाडू शकत नाही. पण कॉम्प्युटर ऑफिसचा आहे, त्यातली माहिती ग्राहकांची आहे. त्या यंत्राने कुठे जोडायचं हे ठरवायचा हक्क त्यांचा. कॅफेत मला या दोन गोष्टींतला फरक कळला नव्हता.

हेगची गाडी

१३ एप्रिल २०१८. नेदरलँड्समधलं हेग शहर, न्यूवेखाइनपासून तासाभराच्या अंतरावर. रासायनिक अस्त्रांवर बंदी आणणाऱ्या ओपीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय तिथे आहे. शेजारी एक हॉटेल, त्याच्या पार्किंगमध्ये भाड्याची सिट्रोएन गाडी. डिकीत अँटेना, बॅटरी, लॅपटॉप, फोन. अँटेनाचं तोंड मुख्यालयाकडे. डच गुप्तचरांनी रशियाच्या जीआरयू या लष्करी गुप्तचर संस्थेच्या चार माणसांना तिथेच पकडलं आणि देशाबाहेर घालवलं. ऑक्टोबरमध्ये फोटोंसकट सगळं जाहीर केलं.

रशियात बसून हॅकिंग करता येत असताना माणसं विमानाने का पाठवावी लागली? कारण वाय-फायजवळ पोहोचायला जवळ जावंच लागतं. वाय-फाय भिंतीतून बाहेर झिरपतं, पण शंभर-दोनशे मीटरच. हे अंतर हेच ऑफिसचं शेवटचं संरक्षण होतं. आणि जवळ जाण्यात पकडलं जाण्याचा धोका असतो, हे हेगमध्ये सिद्ध झालं.

मग पुढच्या वेळी काय केलं असेल?

रस्त्यापलीकडचं ऑफिस

२२ नोव्हेंबर २०२४ ला व्होलेक्सिटी या सुरक्षा कंपनीने एक अहवाल प्रसिद्ध केला. मी तो रात्री झोपायच्या आधी सहज उघडला आणि मग झोप उडाली.

प्रकरण फेब्रुवारी २०२२ मधलं, रशियाने युक्रेनवर हल्ला करायच्या तोंडावरचं. लक्ष्य होतं युक्रेनसंबंधी काम करणारी एक अमेरिकी संस्था. हल्लेखोर तोच जीआरयूशी जोडला गेलेला गट. त्यांनी संस्थेतल्या लोकांचे पासवर्ड अंदाजाने मारून काही बरोबर काढले. पण बाहेरून आत शिरायला पासवर्डबरोबर फोनवरची दुसरी खूणही लागत होती. अडले. वाय-फायला मात्र नुसता पासवर्ड पुरत होता. फक्त त्यासाठी इमारतीजवळ असायला हवं, आणि हे तर हजारो किलोमीटर दूर.

मग त्यांनी आजूबाजूची एक दुसरी संस्था फोडली. तिच्या आत एक असा कॉम्प्युटर शोधला, जो तारेने आपल्या ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला होता आणि ज्यात वाय-फायचं कार्डही होतं. त्या कार्डाने खिडकीतून समोरच्या संस्थेचं वाय-फाय पकडलं, चोरलेला पासवर्ड दिला आणि आत. बैठकीच्या खोलीत, खिडक्यांजवळ असलेले तीन ॲक्सेस पॉइंट त्यांना पोहोचायला पुरले. कुणी विमानात बसलं नाही, कुणी गाडी भाड्याने घेतली नाही. शेजाऱ्याचा कॉम्प्युटर हीच त्यांची गाडी. पुढच्या तपासात दिसलं की शेजाऱ्याच्या शेजाऱ्यालाही असंच वापरलं होतं.

आता मला सांगा, या गोष्टीत चूक कुणाची? लक्ष्य असलेल्या संस्थेची आहेच, वाय-फायला दुसरी खूण नव्हती. पण त्या शेजाऱ्याचं काय? त्यांच्या तारेने जोडलेल्या कॉम्प्युटरला रस्त्यापलीकडचं वाय-फाय दिसायचं काही कारण होतं का? "हेच नेटवर्क, बाकी सगळ्यांना मनाई" ही दुसरी ओळ तिथे असती तर? मी असं म्हणत नाही की हल्ला नक्की थांबला असता. ॲडमिनचे अधिकार हाती आले की फिल्टर काढताही येतो. पण तो काढावा लागला असता, आणि काढताना कुणाच्या तरी नजरेला पडायची शक्यता वाढली असती. चोरीत तेवढंही पुष्कळ असतं.

माझी केबल

अहवालात एक शब्द वारंवार येतो, दोन घरं असलेला कॉम्प्युटर. एकाच वेळी दोन नेटवर्कांत पाय ठेवून उभा असलेला.

तो वाचल्यावर मी उठून बॅगेतली केबल बघितली.

कारण एव्हाना मी ती फक्त कॅफेत वापरत नव्हतो. ऑफिसात एखादी साइट अडवलेली असली, डाउनलोड रेंगाळायला लागलं, की टेबलावर बसल्या बसल्या फोन जोडायचो. एकीकडे डॉकमधून ऑफिसची तार, दुसरीकडे माझ्या फोनचं मोबाइल इंटरनेट. इंग्रजीतला "टेदर" म्हणजे गुराला खुंट्याशी बांधायचं दावं. ऑफिसने लॅपटॉपला एक दावं लावलं होतं, मी गुपचूप दुसरं लावलं. दोन खुंटे, दोन मालक. त्या काळात लॅपटॉपवर एखादा व्हायरस शिरला असता, तर तो आतून ऑफिसचं नेटवर्क चाचपत राहिला असता आणि बाहेरच्या मालकाशी माझ्या फोनमधून बोलत राहिला असता. ऑफिसच्या फायरवॉलला ते बोलणं ऐकूच आलं नसतं, कारण ते तिच्या दारातून जातच नव्हतं. रस्त्यापलीकडचं ऑफिस मीच तयार केलं होतं, स्वतःच्या टेबलावर.

काही झालं का? माझ्या माहितीप्रमाणे नाही. पण "काही झालं नाही" हे टीजेएक्समध्येही दीड वर्ष सगळ्यांना वाटत होतं.

सोमवारी आयटीतल्या त्या मुलाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडा बसेल, वर मेल जाईल. तो एवढंच म्हणाला, "सर, आम्ही वाय-फाय बंद केलं, यूएसबीचं लक्षातच नव्हतं." विंडोजमध्ये त्यासाठी वेगळा नियम असतो. कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कवर आहे तोवर दुसऱ्या बाहेरच्या नेटवर्कला जोडायचं नाही, असं सांगता येतं. त्यांनी तो लावला.

मीही त्याला एक गोष्ट सांगितली. तुमच्या मेलमध्ये काय बंद केलंय ते होतं, पण का ते नव्हतं. आणि बाहेर असताना काम अडलं तर काय करायचं हेही नव्हतं. माणसाला कारण न सांगता दावं लावलं की तो पहिल्यांदा ते तोडायचा विचार करतो, विशेषतः तो इंजिनिअर असेल तर. आता बाहेर काम करायचं असेल त्यांना कंपनी स्वतःचं डोंगल देते, त्यावर व्हीपीएन कायम चालू. माझ्या टीमला वाय-फायची ही सगळी गोष्ट मी जेवणाच्या सुट्टीत सांगितली. आजचा भाग त्यातूनच निघाला.

लॉकडाऊननंतर बरेच जण म्हणतात, आता नेटवर्कवर विश्वासच ठेवायचा नाही, प्रत्येक वेळी माणूस आणि यंत्र तपासायचं, मग कुठलंही वाय-फाय असो. दिशा बरोबर आहे. पण ते सगळीकडे नीट बसवलं जाईपर्यंत हवेतून आत यायची वाट उघडीच राहते. २०२२ मध्ये त्या संस्थेने इंटरनेटच्या बाजूला दोन कुलपं लावली होती. वाय-फायला एकच होतं, कारण अंतर आपल्याला वाचवेल असं गृहीत धरलं होतं.

तर मंडळी, आज एवढंच करा. फोनमधली आणि लॅपटॉपमधली लक्षात ठेवलेली वाय-फायची यादी उघडा. दोन वर्षांपूर्वीचं हॉटेल, कुठलंसं रेल्वे स्टेशन, मित्राचं जुनं भाड्याचं घर, सगळी नावं अजून तिथे असतील. ज्यांची गरज नाही ती काढून टाका. आणि ऑफिसचा लॅपटॉप तारेला जोडलेला असेल, तेव्हा फोनची केबल फक्त चार्जरला लावा.

माझी ती केबल अजून आहे. आता तिच्यावर फोन फक्त चार्ज होतो. भेटू पुढच्या भागात!